पाखराला दोन दारं

मच्छिंद्राला 'न्हाई' म्हणता येत नसे. हा काही रोग नव्हे, पण घरातल्या सगळ्यांना त्याचा त्रास होता आणि सर्वांत जास्त त्याला स्वतःला. त्यामुळे सून संस्कृतीनं माहेरून, सावेडीहून, मोबाईलवर पिंजऱ्याचं चित्र पाठवून खाली "आप्पा, असा जमेल का?" असं विचारलं, तेव्हा त्यानं चष्मा शोधायच्या आधीच "व्हय, जमतंय की" असा निरोप बोलून पाठवला. मग चष्मा काही सापडला नाही. तेव्हा ते चित्र त्यानं तसंच सोनईच्या पीरमहंमद वेल्डिंगवाल्याकडं ढकललं, "पीरभाई, एवढं करून टाका" म्हणाला आणि म्हशीची धार काढायला गेला.

धार निम्मी झाली तोच फोन वाजला.

"मच्छिंद्रभाऊ, चित्र बघितलंय का तुमी?"

"बघितलं की."

"काय काय हाय त्याच्यात?"

"जाळी हाय."

"अजून?"

"पत्रा असंल थोडा. पिंजरा म्हणल्यावर काय असतंय?"

"भाऊ, जरा बसून घ्या," पीरमहंमद म्हणाला. "त्याच्यात दोन दारं हायेत."

मच्छिंद्र बसलेलाच होता, तरी त्याला उठून पुन्हा बसावंसं वाटलं. धार थांबली म्हणून म्हशीनं वळून बघितलं.

आता दोन दारांचं एवढं काय, असं कुणी दुसऱ्या गावचा माणूस म्हणेल. म्हणू दे बापडा. पण मच्छिंद्राचं गाव शिंगणापूर. तिथं घराला भिंती असतात, छप्पर असतं, चौकटसुद्धा असते, दार तेवढं नसतं. गाव शनिदेवाच्या भरवशावर उघडं झोपतं. कुत्री आत येऊ नयेत म्हणून रात्री चौकटीला फार तर एक फळी टेकवतात, तीही नुसती टेकवतात. बिजागरी, कडी, कुलूप या वस्तू गावातल्या पोरांना सोनईच्या बाजारात गेल्यावर बघायला मिळतात. अशा गावात एका पाखरासाठी, एकामागं एक, कड्यांसकट दोन दारं!

पाखरू संस्कृतीचं होतं. कॉकाटेल जातीचं, राखाडी, तोंड पिवळं, गालावर नारिंगी टिकल्या. नाव चिकू. लग्न ठरताना मच्छिंद्राच्या ओमनं तिला शब्द दिला होता की, चिकूसाठी ओट्यावर ऐसपैस पिंजरा बांधून देतो. ओम कारखान्याच्या लॅबमध्ये रसाची तपासणी करायचा आणि मोजूनमापून बोलायचा, पण ठरलेल्या नवऱ्यामुलाचं बोलणं कोण मोजतंय? लग्नाला आठ महिने झाले. तो पिंजरा झाला नव्हता म्हणून चिकू सावेडीतच राहिला. दिवाळीला संस्कृती माहेरी गेली ती तिथूनच म्हणाली, "पिंजरा झाला की मी आणि चिकू एकदमच येतो." दिवाळी सरली, तुळशीची लग्नं झाली, कारखान्याचं गाळप सुरू होऊन महिना उलटला, तरी ओमच्या ताटासमोरचं ताट रिकामंच. पोरगं रोज संध्याकाळी गाडी लावायच्या आधी विचारायचं, "आप्पा, पिंजऱ्याचं कुठवर आलं?" आणि मच्छिंद्र रोज सांगायचा, "आलंच."

"दोन कशाला? एकानं भागंल की," मच्छिंद्र पीरमहंमदला म्हणाला.

"ओमकडनं नंबर घेऊन तुमच्या सूनबाईला मी हेच विचारलं. त्या म्हनल्या, सावेडीत एकदा दार उघडलं अन् चिकू डोक्यावरून भुर्रकन गेला. दोन दिवस निलगिरीवर बसला हुता. म्हनून पहिलं दार उघडायचं, आत जायचं, ते लावायचं, मंग दुसरं उघडायचं. डोकेबाज हाय पोरगी." पीरमहंमदचा आवाज एकाएकी हळवा झाला. "भाऊ, तीस वर्षं झाली दुकान टाकून. घोडेगावात माझी दारं हायेत, चांद्यात हायेत, नेवाशात हायेत. तुमचं गाव इथून हाकेवर, अन् तिथं माझी एक बिजागरी न्हाई. लई मन लावून करतो बगा."

यावर 'न्हाई' म्हणायला छाती लागते. मच्छिंद्र म्हणाला, "करा."

आता राहिली आई. रंगुबाईंचं वय चौऱ्याहत्तर, उंची साडेचार फूट, आणि घरात अंतिम शब्द त्यांचा. त्या ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मच्छिंद्रानं आधी हवापाण्याचं काढलं, मग म्हशीचं, मग ओमच्या तब्येतीचं. पोरगं वाळत चाललंय, जेवत नाही, असं सगळं सांगून झाल्यावर पिंजऱ्यावर आला.

"बांध की. मी कवा न्हाई म्हनले?" रंगुबाई म्हणाल्या.

"त्याला दार लागंल."

"पाखराच्या पिंजऱ्याला दार असतंयच. एवढुसं."

"माणूस जाईल एवढं लागंल."

रंगुबाईंचे हात सुपात थांबले. "किती?"

खोटं बोलायलाही एक प्रकारचा नकार लागतो. तोही मच्छिंद्राला जमत नसे. "दोन," तो म्हणाला.

"आपल्या गावात मानसाला एक दार न्हाई, अन् पाखराला दोन?"

"आई, ते खुराडं समज. कोंबड्याच्या खुराड्याला फळकूट असतंयच की."

"खुराड्यात मानूस हुबा ऱ्हातो का? मानूस हुबा ऱ्हायला की ती खोली झाली. खोलीला दार आपल्यात बसवत न्हाईत. मानूस हुबा ऱ्हानार न्हाई असं कर, मंग दोन बसव न्हाईतर चार."

मच्छिंद्रानं लगेच सोनईला फोन लावला की उंची कमी करा. पीरमहंमद म्हणाला, किती करू? मच्छिंद्र म्हणाला, साडेचार फूट. मागून आवाज आला, "साडेचारात मी हुबी ऱ्हाते. मी मानूस न्हाई व्हय?" मग चार फुटांवर आले. तेवढ्यात ही बातमी ओमकडून सावेडीला गेली आणि सावेडीहून उत्तर आलं की, चार फुटांत चिकू उडणार कसा आणि साफसफाईला मी रांगत जाऊ का? मच्छिंद्रानं तिलाही "बरोबर हाय तुजं" म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत पिंजरा सात फूट, साडेचार फूट, चार फूट आणि पुन्हा सात फूट झाला. पीरमहंमदनं मात्र सकाळीच सातच्या मापानं अँगल कापून ठेवले होते. तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं किती ऐकायचं हे तो शिकला होता.

गावात असं काही अडलं की वैजनाथ गुरुजींकडं जायचं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, पण कुणी काही विचारलं की अजूनही आधी 'सरळ बस' म्हणायचे. मच्छिंद्र सरळ बसला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, दोन कप चहा घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ बसले. मच्छिंद्राला वाटलं, लागली झोप.

"घराच्या भिंतीला चिकटलं तर ते घर," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "सुटं असलं तर खुराडं. मग उंची कितीका असंना. भिंतीच्या अन् त्याच्यामधून माणसाचा हात आरपार गेला पाहिजे."

"मंग ओट्यावर नको, अंगनात. अन् कडी चालंल. कुलूप न्हाई. कुलपाचं नावसुदिक काढायचं न्हाई," घरी आल्यावर रंगुबाईंनी पुस्ती जोडली, आणि मच्छिंद्राला हायसं वाटलं. सगळ्यांना 'हो' म्हणूनही काम झालं होतं. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

ते तसंच घडत राहिलं असतं, पण पीरमहंमदनं दारांना रंग दिला. ऑइलपेंट, पोपटी. "पोपटाचं हाय म्हनल्यावर दुसरा कुठला देऊ?" म्हणाला. रंग वाळायच्या आत सांगाडा, जाळी, पत्रा सगळं टेम्पोत चढलं. ओली दारं आडवी टाकली तर रंग पुसतो, म्हणून त्यानं ती टेम्पोत उभी केली, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, आणि सुतळीनं ताणून बांधली. वार कुठला, तर शनिवार. दर्शनाच्या गर्दीत टेम्पो गावाच्या ऐन तोंडाशी अडकला आणि पाऊण तास जागचा हलला नाही. पाऊण तास ती दोन पोपटी दारं, चकचकीत कड्यांसकट, भर चौकात उभी होती. पीरमहंमद ओळखीच्या माणसांना हात करत होता. कुणी विचारलं की छाती पुढं काढून सांगायचा, "मच्छिंद्रभाऊंच्या घरी चाललोय."

टेम्पो घराशी पोचायच्या आत शेजारच्या लंकाबाई पोचल्या. नेहमीसारखं "रंगुबाई, हाय का?" म्हणत त्या थेट माजघरात आल्या.

"मच्छिंद्रा, घराला दारं बसवतोस म्हनं?"

"अवो काकू, पिंजऱ्याला हायेत ती!"

"पिंजऱ्याला एवढी? काय वाघ आननार हायेस?"

"पोपट."

लंकाबाईंनी त्याच्याकडं कीव केल्यागत बघितलं आणि आल्या पावली गेल्या. पुढच्या दहा मिनिटांत गावात तीन गोष्टी ठरल्या. मच्छिंद्राच्या सुनेनं माहेरून चिक्कार सोनं आणलंय ही पहिली. मच्छिंद्राचा गावावरचा विश्वास उडालाय ही दुसरी. आणि तिसरी, दार असलं नसलं तरी सून काही नांदत नाही, म्हणूनच ती दिवाळीपासून तिकडं आहे. तिसरी गोष्ट ओमच्या कानावर गेली तेव्हा त्याचा चेहरा पडला.

मग माणसं यायला लागली. चपला काढायच्या, आत यायचं, बसायचं. कुणाला अडवणार आणि कशानं? मच्छिंद्राची बायको रतनबाई चहाचं आधण ठेवून थकली.

"आमी काय चोर हाये का, मच्छिंद्रभाऊ?"

"अरे, कोन म्हनलं?"

"मंग दार कशापायी?"

"पोपटाला!"

"पोपट चोरून कोन नेनार हाय आपल्या गावात?"

"अरे बाबा, तो सोताच पळून जातोय!"

"ज्याला ऱ्हायचंच न्हाई त्याला कोंडायचं कशाला?" हा प्रश्न एका म्हाताऱ्यानं इतक्या गंभीरपणे विचारला की मच्छिंद्र सवयीनं "तेबी खरंच हाय" म्हणून गेला. बैठकीत एकदम कुजबुज झाली. बघा, कबूल करतोय!

एकदा तर मच्छिंद्राच्या मनात आलं की, आज दार असतं तर सरळ लावून घेतलं असतं. विचार पुरा व्हायच्या आत त्यानं जीभ चावली, देवाच्या दिशेनं हात जोडले आणि आणखी सहा कप चहा सांगितला.

तेवढ्यात सावेडीहून व्याह्यांचा फोन. बातमी सदतीस किलोमीटर चालून तिकडं पोचली होती आणि वाटेत चांगली बाळसं धरून गेली होती.

"मच्छिंद्रराव, आमच्या पोरीसाठी तुम्ही गावाची रीत मोडू नका हो," व्याही म्हणाले. "आम्हाला पाप नको. मी तिला समजावतो. पिंजरा नको, काही नको. हे सगळं थंड होईस्तोवर ती राहील आमच्याकडंच. सहा महिने लागोत, वर्ष लागो."

फोन स्पीकरवर होता. ओम ताडकन उठला. जन्मात आवाज न चढवलेलं पोरगं ते, पण भरल्या बैठकीत ओरडलं, "वर्ष? आप्पा, आता तुमी न्हाई म्हणा! एकदा तरी न्हाई म्हणा!"

सगळी बैठक मच्छिंद्राकडं बघायला लागली. मच्छिंद्राला घाम फुटला. त्याचे ओठ हलले, आणि बावन्न वर्षं आत अडून बसलेला तो शब्द एकदाचा बाहेर पडला. "न्हाई, पाव्हनं," तो म्हणाला. "वर्ष न्हाई. आज. ओम येतोय, पोरीला अन् पाखराला घेऊन येतोय. पिंजरा झाला."

पिंजरा झाला नव्हता. टेम्पो आत्ता कुठं अंगणात शिरत होता. पण शब्द बाहेर पडला म्हटल्यावर पुढचं भराभर झालं. पीरमहंमदनं सांगाडा उभा केला. उंदीर-मुंगूस खोदून आत येऊ नये म्हणून चित्रात दाखवल्याप्रमाणे फूटभर जाळी जमिनीत गाडायची होती, ती गाडायला ज्यांना शंका होत्या तेच खाली उतरले, कारण फावडं हातात असलं की शंका कमी होतात. अर्ध्या भागावर पत्रा, अर्ध्यावर नुसती जाळी. आत लिंबाच्या आणि पेरूच्या फांद्या. वैजनाथ गुरुजींनी भिंत आणि पिंजरा यांच्यामधून स्वतःचा हात आरपार घालून दाखवला, आणि मग प्रत्येकाला तो घालून बघायचाच होता. चाळीस माणसं रांगेनं भिंतीशी हात घालून गेली. लंकाबाईंचा बांगड्यांसकट अडकला, तो तेल लावून काढावा लागला.

शेवटी दारं बसली. पीरमहंमदनं खोलीच्या दारांना लावतो तशाच दोन्हींना आतून-बाहेरून कड्या लावल्या. हाताला दुसरं वळणच नव्हतं. मग पहिलं दार सावकाश उघडून, सावकाश लावून दाखवलं. कडी खट्‌ करून बसली. काही बायकांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"पोपट कुठंय?" गर्दीतून कुणीतरी विचारलंच.

पोपट दिवस मावळायच्या आत आला. पीरमहंमदच्याच टेम्पोत, पुढं संस्कृतीच्या मांडीवर, छोट्या पिंजऱ्यात. तिच्या शेजारी ओम असा बसला होता, जणू त्यालाही कुणीतरी नुकतंच सोडवून आणलंय. चिकूला बघून गावाची निराशा झाली.

"ह्यो पोपट? हिरवा कुठंय?"

"हिरवा पाळायला बंदी हाय. जंगल खात्याची मानसं येत्यात," गुरुजींनी माहिती पुरवली.

"तोंडाला हळद लावून आनलाय जणू. नवरदेवच!"

"बोलतो का?"

"शिट्टी वाजवतो," संस्कृती म्हणाली. चिकूनं वाजवली नाही. तो नव्या महालाच्या एका कोपऱ्यात, फांद्या सोडून खाली बसला आणि जाळीपलीकडच्या चाळीस तोंडांकडं एका डोळ्यानं बघत राहिला. तरी पण पोपट आहे हे गावानं मान्य केलं. सोन्याची गोष्ट मिटली, विश्वासाची मिटली आणि सून टेम्पोतून उतरताना सगळ्यांनी पाहिली तेव्हा तिसरीही मिटली. रात्री ओम चार भाकरी जेवला.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी ओम कारखान्यातून लवकर आला. बघतो तर चिकू त्याच्या जुन्या छोट्या पिंजऱ्यात, ओट्यावरच्या खुंटीला टांगलेला, मजेत शिट्टी वाजवतोय. आणि अंगणातल्या मोठ्या पिंजऱ्याला चारी बाजूंनी जुनी लुगडी लावलेली. तो धावतच गेला. पहिलं दार ओढून बघितलं, तर आतून कडी.

"संस्कृती?"

"काय?" आतून आवाज आला.

"काय करतेस आत?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दार लावून बसलेय."

ओम लुगड्याच्या फटीशी तोंड नेऊन उभा राहिला. "चिकू बाहेर का?"

"त्याला आत नाही आवडत. लहानपणापासून त्या पिंजऱ्यात राहिलाय, याच्यात घाबरतो. पहिल्या दिवशी साफ करायला मी आत आले, कडी लावली, आणि मला बाहेर यावंसंच वाटेना, ओम." पुढचं ती एका दमात बोलली. "आठ महिने झाले मला या घरात. केस विंचरतेय, कुणीतरी येतंय. आईशी फोनवर बोलतेय, कुणीतरी येऊन बसतंय. रडू आलं तरी पडद्यामागं रडायचं, आणि पडद्याला वारा लागला की थांबायचं. सगळी माणसं चांगली आहेत रे, मला कुणाचा राग नाही. पण दार लावलं, आता कुणी येणार नाही, असं दिवसातून अर्धा तास तरी वाटावं की नाही माणसाला?"

"मग आधी का न्हाई बोललीस?"

"कुणाला बोलू? आजींसमोर दार हा शब्द काढू?"

ओम काही बोलणार, एवढ्यात त्याच्या मागं चपलांचा आवाज झाला. त्यानं वळून बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.

"उघड गं," त्या म्हणाल्या.

दोन कड्या निघाल्या. संस्कृती बाहेर आली. आत फांद्यांच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची होती. रंगुबाईंनी खुर्चीकडं बघितलं, नातसुनेकडं बघितलं. मच्छिंद्र आणि रतनबाई आवाज ऐकून आले होते.

"मी तिसगावची," रंगुबाई म्हणाल्या. "चौदाव्या वर्षी ह्या घरात आले. माझ्या बापाच्या घराला हे एवढं जाड दार हुतं. लगीन झाल्यावर पयल्या वर्षी मी रोज रडायची. सासूला वाटायचं, पोरीला म्हायेरची याद येती." त्यांनी कडीला हात लावून बघितला. "म्हायेरची न्हाई. दाराची यायची. कुनाला सांगनार? देवाच्या गावात ऱ्हाऊन दार मागू?"

मच्छिंद्रानं सवयीनं "व्हय" म्हणायला तोंड उघडलं, पण रतनबाईनं त्याचा हात दाबला. तिचे डोळे भरले होते, आणि ती खुर्चीकडं बघत होती.

"हे घर न्हाई, खुराडं हाय. गुर्जींनी सांगितलंय," रंगुबाई एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. "सर बाजूला."

त्या पदर सावरून आत गेल्या. पहिलं दार लावलं. खट्‌. दुसरं लावलं. खट्‌. मग बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. ओम घाबरून म्हणाला, "आजी, बरं वाटतंय ना?"

"गप ऱ्हा की जरा," आतून आलं.

तेवढ्यात लंकाबाई आल्या. नेहमीसारखं "रंगुबाई, हाय का?" म्हणत थेट घरात शिरल्या, माजघर बघितलं, चूल बघितली, मागल्या अंगानं अंगणात आल्या. तिथं चार माणसं पिंजऱ्याभोवती गपचिप उभी. लंकाबाईंनी पुन्हा हाक मारली, "अगं रंगुबाई, हाय का?"

"न्हाई!" पिंजऱ्यातून खणखणीत उत्तर आलं.

लंकाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत या घरात त्यांना हे उत्तर मिळालं नव्हतं. त्यांनी लुगडी लावलेल्या जाळीकडं बघितलं, बंद दाराकडं बघितलं, आतल्या कडीचा अंदाज घेतला आणि आल्या वाटेनं परत गेल्या. मच्छिंद्राला वाटलं, झालं, आता गावात चौथी गोष्ट.

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. या वेळी आत शिरल्या नाहीत. चौकटीबाहेरूनच मच्छिंद्राला बोलावलं, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मच्छिंद्रा, त्या सोनईच्या वेल्डिंगवाल्याचा नंबर दे बरं."

"कशाला, काकू?"

"मला बी पोपट पाळायचाय."

"व्हय? कुठला आनताय?"

"ते नंतर बघू," लंकाबाई म्हणाल्या. "आधी दारं बसू दे."